दादा जहाजावर होते

गेल्या मे महिन्यात आम्ही गावच्या घरामागची खोपी पाडली. वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमचं गाव. अब्बा गेल्याला दोन वर्षं झाली. घरात आता धाकटा भाऊ राहतो आणि त्याला गाडीसाठी शेड हवी होती. खोपीत काय नव्हतं! फुटकी कौलं, जाळ्यांचे तुकडे, पलंगाचे पाय, रॉकेलचे डबे, एक बिनचाकाची सायकल. भंगारवाल्यानं आंब्याच्या फांदीला काटा टांगला आणि लोखंड वेगळं, पत्रा वेगळा असं किलोवर मोजणं सुरू झालं. मी ओट्यावर बसून आकडे लिहीत होते.

तेवढ्यात त्यानं गंजलेल्या खिळ्यांच्या डब्यातून एक वस्तू काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि काट्यावर टाकली. मी विचारलं, "ते काय आहे?" तो म्हणाला, "काय की बाई. लोखंड आहे."

मी उर्दू आणि मराठी शिकवते. नाव माहीत नसलेली वस्तू समोर आली की मला स्वस्थ बसवत नाही. मी ती परत मागून घेतली.

वीतभर लांबीचा लोखंडी तुकडा. मधला दांडा गोल, बोटाएवढा जाड. एक टोक माशाच्या शेपटीसारखं पसरट होत गेलेलं, दोनेक इंच रुंद. दुसऱ्या टोकाला कुत्र्याच्या छत्रीसारखं गोल, पसरट डोकं. दिसायला सुताराच्या पटाशीसारखं, पण पटाशी नव्हे. कारण धारच नव्हती. जिथं धार असायची तिथं रुपयाच्या नाण्यापेक्षा जाड, बोथट कड होती आणि त्या कडेच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक उथळ खाच गेलेली. रॉकेलनं पुसल्यावर ती खाच स्पष्ट दिसली. झिजून पडलेली नव्हती, मुद्दाम पाडलेली होती.

भाऊ म्हणाला, "जुनी पटाशी असेल. धार गेली असेल." पण धार गेलेल्या पटाशीला खाच कोण पाडतो?

चिपळूणला परत आल्यावर मी ती आमच्या शाळेची बाकं दुरुस्त करणाऱ्या सुताराला दाखवली. त्यानं हातातला रंधा खाली ठेवला आणि मला एक गोष्ट शिकवली. बी.एड.च्या वर्षभरात कुणी इतक्या सोप्या शब्दांत निरीक्षण म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं. म्हणाला, "मॅडम, हत्यार ओळखायचं तर आधी धार बघायची, मग डोकं बघायचं, मग झीज कुठं आहे ते बघायचं."

धार नाही, म्हणजे हे कापायचं हत्यार नव्हे. डोकं गुळगुळीत आहे. लोखंडी हातोड्यानं ठोकलं असतं तर डोक्याच्या कडा फाटल्या असत्या, खाली वळल्या असत्या. सगळ्या जुन्या छिन्यांच्या तशा होतात. म्हणजे याच्यावर घाव पडलेत ते लाकडाचे. झीज दांड्यावर, एकाच जागी. तिथं गंजसुद्धा कमी चढला होता. म्हणजे मूठ बसवलेली नव्हती, माणूस दांडाच हातात धरायचा, आणि खूप वर्षं धरायचा.

"याच्यानं काहीतरी आत दाबत असणार," तो म्हणाला. "कापत नसणार. पण काय दाबत असतील ते मला नाही सांगता येत. आमच्या कामातलं हे नाही."

शेजारच्या इमारतीवरचा गवंडी म्हणाला, "दरजा भरायचं असेल." दगडी भिंतीच्या सांध्यांत चुना भरणं म्हणजे दरजा भरणं. पण चुना काही ठोकून भरत नाहीत, हेही त्यानंच सांगितलं. बिचारा उत्तराच्या सगळ्यात जवळ पोहोचला होता, हे मला नंतर कळलं.

मध्येच एके दिवशी चाचा घरी आले. अब्बांचे धाकटे भाऊ, आता आमच्या घरातले सगळ्यात वडीलधारे. कुवेतला अठ्ठावीस वर्षं काढून आलेले. भाचीच्या, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालू होती, त्याबद्दल बोलायला आले होते. ती वस्तू टेबलावर होती. चहाचा कप उचलता उचलता त्यांचा हात थांबला.

"कुठं मिळालं हे?"

"खोपीत."

"टाकून दे. गंजकं लोखंड घरात कशाला?"

ते गेल्यावर रात्री माझ्या ध्यानात आलं. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी ती वस्तू पाहिली त्या प्रत्येकानं विचारलं होतं, "हे काय आहे?" चाचांनी तेवढं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, कुठं मिळालं.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. कोकणी मुसलमानांच्या बऱ्याच घरांत असते तशी आमच्याही घरात एक गोष्ट आहे. आपले पूर्वज अरबस्तानातून जहाजांनी आले, व्यापारी होते, आणि दादा "जहाजावर होते". हेच शब्द. मी लहानपणापासून हेच वाक्य ऐकलं. शेजारी, सोयरे, शाळेतले सर, कुणीही विचारलं की अब्बा म्हणायचे, "वालिद जहाजावर होते." ऐकणारा आपसूक समजायचा की नाखुदा असतील, म्हणजे कप्तान. आम्हीही तसंच समजलो. खोटं कुणीच बोललं नव्हतं. फक्त पुढचा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दादा मला अंधुक आठवतात. मी आठ-नऊ वर्षांची असताना ते गेले. सुट्टीत आम्ही गावी गेलो की पडवीतल्या खुर्चीत बसलेले असायचे. सलाम केला तर बहुतेक वेळा उत्तर यायचं नाही. बोलले की इतक्या मोठ्यानं बोलायचे की आम्ही मुलं दचकायचो. आम्हाला त्यांची भीती वाटायची. फुफी समजूत घालायची, "समुद्रावर वाऱ्यात ओरडून ओरडून नाखुदा लोकांचा आवाज असाच होतो." त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा चपटा होता, नख वाकडं वाढलेलं. तो म्हणे शिडाच्या दोरात सापडला होता. आम्हाला त्या अंगठ्याचा अभिमान होता.

शेवटी कोडं सुटलं ते माझ्या वर्गामुळे. नववीच्या मुलांना वर्णनपर लेखन शिकवायचं होतं. मी ती वस्तू वर्गात फिरवली आणि म्हटलं, हिचं वर्णन लिहा, नाव माहीत नसताना. मुलांनी मजेमजेदार लिहिलं. एकानं तिला "लोखंडाचा बांगडा" म्हटलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, खाडीपट्ट्यातला, ज्याच्या वडलांची मासेमारीची बोट आहे, म्हणाला, "मॅडम, असलं मी बघितलंय. आमच्या बोटीच्या मिस्त्रीकडे."

तो मुलगा दालदी आहे. मुसलमानच, पण मासेमारी करणारे. आमच्यातली "खानदानी" म्हणवणारी घरं दालदी घरांशी सोयरीक जोडताना अजून दोनदा विचार करतात. मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या घराचा इतिहास मला त्याच्यामुळे सापडला.

रविवारी फेरीबोटीनं खाडी ओलांडून मी त्या मिस्त्रींकडे गेले. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, पिढीजात सुतार, होड्या आणि मचवे बांधणाऱ्या घरातले. आता मुलगा काम बघतो. आवारात एक जुनी लाकडी बोट होती, तिच्यावर फायबरचा थर चढवणं चालू होतं. मी पिशवीतून वस्तू काढली. त्यांनी ती घेतली आणि विचार न करता डाव्या हातात धरली, दांड्याला अंगठा आणि दोन बोटं, बरोबर झिजलेल्या जागी. उजवा हात हवेत वर गेला.

"मोगरी कुठाय हिची?"

"कसली मोगरी?"

"लाकडाची. लांब तोंडाची. दोन्ही टोकांना लोखंडी कडी, मधी चीर."

मी गप्प झाले. कारण ती मोगरी मला माहीत होती. गावच्या घरात माजघराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावायची ती अडण! दोन्ही टोकांना लोखंडी कडं असलेला, मधून चीर गेलेला लाकडी ठोकळा. चाळीस वर्षं मी तिला पायानं सरकवत आले होते.

"कलपातीची छिनी आहे ही, बाय," मिस्त्री म्हणाले. "कुणाची?"

मी गावाचं नाव सांगितलं, दादांचं नाव सांगितलं. त्यांनी छिनी मांडीवर ठेवली.

"चाचांची नात तू? ते बहिरे चाचा?"

बहिरे. दादांबद्दल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मग त्यांनी सगळं समजावलं. लाकडी गलबत म्हणजे सांगाड्यावर ठोकलेल्या फळ्या. सुतार कितीही चांगला असो, दोन फळ्यांमधला सांधा नुसत्या लाकडानं पाणी अडवत नाही. म्हणून सांध्याची बाहेरची बाजू मुद्दाम थोडी उघडी ठेवतात, आत निमुळती होत जाणारी. त्या फटीत कापसाची वळलेली वात घालायची आणि ठोकून बसवायची. आधी बिनखाचेच्या छिनीनं वात आत सारायची, मग या खाचेच्या छिनीनं दाबून घट्ट करायची. खाच असते म्हणून वात कडेखालून निसटत नाही, दाबली जाते पण तुटत नाही. धार असती तर कापूसच कापला गेला असता. मग वरून राळ आणि तेल यांचं लुकण. बोट पाण्यात उतरली की लाकूड फुगतं, फळ्या एकमेकींकडे सरकतात आणि कापूस आणखी आवळला जातो. बोटीचं पाणी अर्धं माणूस अडवतो, अर्धं पाणी स्वतःच अडवतं.

"कमी ठोकलं तर गळती," मिस्त्री म्हणाले. "जास्त ठोकलं तर लाकूड फुगल्यावर फळी उचलते, खिळे सैल होतात. किती ठोकायचं ते मोजायला पट्टी नाही. आवाज बदलतो. वात सैल असली की आवाज बसका येतो, भरली की टणटणीत. मोगरीची चीर असते ती त्यासाठीच, आवाज खुला होतो, आणि हाताला हिसका कमी बसतो."

दिवसभर कानापासून हातभर अंतरावर तो टणत्कार. शेजारी आणखी चार-सहा जणांचा. तीस-पस्तीस वर्षं. जगभरच्या गोद्यांत या कामातली माणसं म्हातारपणी कानांनी अधू व्हायची.

"तुझे दादा मग कानानं ऐकत नव्हते," ते म्हणाले. "डाव्या हाताला कळायचं त्यांना. माझ्या बापानं बांधलेल्या मचव्याची कलपाती त्यांच्याशिवाय दुसऱ्याला कधी दिली नाही. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असायची, नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांना घाई. तेव्हा ते इकडे असायचे. एरवी मुंबईला, गोदीत."

म्हणजे दादा जहाजावर नव्हते. जहाजाखाली होते. उकिडवे बसून, मान वर करून, डोळ्यांत राळ टिपकू नये म्हणून डोळे बारीक करून. आणि तो अंगठा शिडाच्या दोरात सापडला नव्हता, मोगरीखाली सापडला होता.

फेरीबोटीत बसल्यावर मला रडू आलं. दादा कलपाती होते याचं नव्हे. आम्ही मुलं त्यांना सलाम करून, उत्तर आलं नाही म्हणून, त्यांना घमेंडखोर समजून पळून जायचो, याचं. कुणी फक्त एवढं सांगितलं असतं, की बाळांनो, त्यांना ऐकू येत नाही, समोर जाऊन हात हलवा. पण बहिरेपण सांगितलं असतं तर ते कशानं आलं हे सांगावं लागलं असतं. म्हणून आम्हाला नाखुदाचा आवाज दिला गेला आणि आमच्याकडून दादा काढून घेतले गेले.

मी चाचांकडे गेले. छिनी पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "कलपाती."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाती आमची अम्मा वळायची. मांडीवर. आम्ही दोघं भाऊ कापूस पिंजून द्यायचो. अंगणभर दोऱ्या बांधून त्यावर वाती टाकलेल्या असायच्या, कपडे वाळत घातल्यासारख्या." त्यांनी छिनी उचलली. "शाळेत पोरं माझ्याजवळ बसायची नाहीत. अंगाला राळेचा आणि माशाच्या तेलाचा वास यायचा. तुझ्या अब्बाला नोकरी लागली तेव्हा त्यानं ठरवलं, आपल्या मुलांना हा वास लागू द्यायचा नाही. आम्ही कुणाशी खोटं नाही बोललो, बेटा. जहाजाचंच काम होतं ना?"

"होतं," मी म्हटलं.

"आणि दोघांची फी त्याच छिनीतून आली."

माझं बी.एड.सुद्धा त्यातूनच आलं, हिशेब नीट मांडला तर.

नंतर मी माझ्या सवयीप्रमाणे शब्दाच्या मागे लागले. १८८६ साली छापलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशात हा शब्द आहे. हिंदुस्तानीत आणि बंगालीत 'कलापत्ती', म्हणजे फटी बुजवणारा आणि ते कामही. कोशकार म्हणतात, हा पोर्तुगीज 'कालाफाते'वरून आला, आणि तो मुळात अरबीतला. तुर्की 'कलाफात', इटालियन 'कालाफातारे', स्पॅनिश 'कालाफातेआर', सगळी एकाच घरातली भावंडं. ग्रीकमध्येही तोच शब्द आहे, आणि ग्रीकांनी अरबांकडून घेतला की अरबांनी ग्रीकांकडून, यावर अभ्यासक अजून भांडतात. गलबतं जिथं जिथं गेली तिथं हा शब्द गेला, कारण गळती सगळ्यांच्याच गलबतांना होती.

त्याच शोधात एक बादशहा सापडला. कॉन्स्टँटिनोपलच्या तख्तावर १०४१ साली मायकेल पाचवा बसला. त्याचं टोपणनाव 'कलाफातेस', म्हणजे कलपाती, कारण त्याचा बाप पूर्वी गोदीत हेच काम करायचा. जेमतेम चार महिन्यांत लोकांनी त्याला तख्तावरून खेचलं, पण ते टोपणनाव जवळजवळ हजार वर्षं त्याला चिकटून आहे. बापाच्या हातातलं काम मुलाच्या नावामागे टोमण्यासारखं लावायचं, ही रीत काही आमच्या कोकणातल्या शाळेतल्या पोरांनी काढलेली नाही.

आणि ज्या पदांचा आम्हाला अभिमान, ते शब्द तरी कुठून आले? 'नाखुदा' फारसी, नाव आणि खुदा मिळून, नावेचा धनी. कोळी बांधव ज्याला 'नाखवा' म्हणतात तो हाच. 'सारंग' फारसीतून आलेला, 'खलाशी' अरबीतून. जहाजाची दिशा सांभाळणाऱ्याला 'मालीम' म्हणत. तो शब्द म्हणजे आपला 'मुअल्लिम', शिक्षक! म्हणजे जुन्या जहाजावर मला माझ्याच पेशाच्या नावानं जागा होती. गंमत म्हणजे लेफ्टनंट थॉमस रोबक नावाच्या इंग्रजानं १८११ साली जहाजावरच्या हिंदुस्तानी शब्दांचा कोश काढला होता. खलाशांना हुकूम समजावेत म्हणून साहेबांना ते शब्द शिकावे लागत. आम्ही मात्र आमच्याच घरातला शब्द विसरून दाखवला.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला संग्रहालय म्हणून जपलेलं आहे, अजून तरंगतं. बांधणाऱ्या जमशेटजी बोमनजी वाडियांचं नाव इतिहासात आहे, आणि ते योग्यच आहे. पण लाकडी जहाज तरंगतं ठेवायला फटी बुजवणारा लागतोच, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्याचं नाव कुठं लिहिलं जात नाही. त्याचं काम नीट झालं तर दिसतच नाही. दिसतं ते फक्त बिघडल्यावर.

आपल्याकडे हजरत नूह यांच्या नौकेचा किस्सा प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. कुरआनच्या सूरह कमरमध्ये त्या नौकेचं वर्णन अगदी कारागिराच्या नजरेनं येतं, फळ्या आणि 'दुसुर' यांची ती वस्तू. 'दुसुर'चा अर्थ काहींनी खिळे केला आहे, काहींनी फळ्या जखडणारे तंतू, दोर. पैगंबराच्या नौकेबद्दल सांगताना तिच्या फळ्यांचा आणि जोडणीचा उल्लेख व्हावा, आणि आम्ही घरात तीच जोडणी लपवावी, हे काही मला पटलं नाही.

आता त्या रिश्त्याचं. मुलाकडची मंडळी मुंब्र्याहून आली. चांगली माणसं, पण त्यांच्यातले एक बुजुर्ग खानदान विचारणारे. जेवणं झाल्यावर त्यांनी चाचांना विचारलं, "आपके वालिद साहब क्या करते थे?"

मी दारात उभी होते. पायाशी ती मोगरी, नेहमीसारखी दाराला लावलेली. चाचांनी सुरुवात केली, "वालिद जहाज पर…" आणि थांबले. मग म्हणाले, "जहाजों का कलपाती का काम करते थे। तख्तों के बीच रुई भरते थे, कि पानी अंदर न आए।"

मला वाटलं आता काहीतरी पडणार. काहीच पडलं नाही. बुजुर्गांनी मान हलवली, "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि आणखी थोडी फिरनी मागितली. रिश्ता ठरला. निकाह डिसेंबरात आहे, इन्शाअल्लाह. ज्या गोष्टीला आमचं घर साठ वर्षं घाबरलं ती एका वाक्यात सांगून झाली होती आणि समोरचा माणूस फिरनी खात होता. सगळ्यांचं इतकं सोपं होत नाही हे मला माहीत आहे. पण आमचं झालं, म्हणून सांगितलं.

मिस्त्रींच्या आवारात आता कलपातीचं काम होत नाही. फायबरच्या बोटीला सांधाच नसतो, मग फट कुठली? केरळात बेपूरला अजून मोठी लाकडी 'उरू' बांधतात, कच्छमध्ये मांडवीला बांधतात. आमच्या खाडीत मात्र हे हत्यार ओळखणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एवढंच सांगते, तुमच्या खोपीत, माळ्यावर, पलंगाखाली असं काही लोखंड पडलं असेल तर भंगारात घालायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे ठेवा. तो काय म्हणतो ते ऐका, आणि काय विचारत नाही तेही ऐका.

मोगरीला मिस्त्रींच्या मुलानं नवा दांडा बसवून दिला. छिनी आणि मोगरी आता माझ्या वर्गातल्या कपाटात असतात. खाली चिठ्ठी लावायची होती, मराठीत आणि उर्दूत. मराठीत 'कलपातीची छिनी' लिहून झालं. उर्दूत लिहिताना लेखणी थांबली. अरबी वळणानं जायचं तर पहिलं अक्षर मोठं काफ. ते लिहिलं असतं तर शब्द कसा भारदस्त दिसला असता, थेट अरबस्तानातून आल्यासारखा. पण मिस्त्रींच्या तोंडी, चाचांच्या तोंडी, आणि म्हणजे दादांच्याही तोंडी तो साधा 'क' होता.

मी साधं काफ लिहिलं.